जेवण फुकट, मुक्काम फुकट. मग पैसे द्यायचे कधी आणि किती?

पहिल्यांदा गुरुद्वाऱ्यात, विपश्यनेच्या ध्यानकेंद्रात किंवा वारीच्या दिंडीत जाणाऱ्या माणसाला देवाधर्माचे प्रश्न फारसे पडत नाहीत. ते सांगायला पन्नास जण असतात. पडतात ते पैशाचे प्रश्न, आणि विचारायची लाज वाटते तीही त्यांचीच. लंगरात पोटभर जेवलो, आता पेटीत काय टाकायचं? दहा दिवस राहिलो आणि बिलच आलं नाही, असं खरंच असतं? दिंडीत जो तो ‘भिशी भरली का?’ विचारतो, ती भिशी कसली? शेजारच्या काकू सत्संगाला घेऊन गेल्या, तिथे सगळे पाकीट ठेवत होते, आपण नुसता नमस्कार करून उठलो तर काकूंची मान खाली जाईल का?

अशा ठिकाणी मी बरीच वर्षं जातो-येतो. मधल्या काळात एका ठिकाणी पावतीपुस्तक घेऊन टेबलामागेही बसलो आहे. तिथून एक गोष्ट पक्की दिसते. जिथे नवख्याला मनापासून सामावून घेतात, तिथे घेण्याची वेळ आणि देण्याची वेळ यांच्यात मुद्दाम अंतर राखलेलं असतं. ताट वाढणारा पेटीकडे बघत नाही आणि पेटीपाशी बसलेल्याला कोण किती जेवला ते ठाऊक नसतं. हे अंतर जिथे जितकं कमी, तिथे तुम्ही तितकं सावध राहा. पुढचं सगळं याच एका नजरेने वाचा.

पायरी १: निघण्याआधी फोनवर विचारून घ्या

पैसा तीन वाटांनी जातो आणि त्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो. पहिली वाट भाड्याची. शेगावला गजानन महाराज संस्थानात महाप्रसाद विनामूल्य आहे, पण भक्तनिवासातल्या खोलीला भाडं आहे. खोली घेतली, भाडं दिलं, विषय संपला. त्याला दान समजून वर पुण्याचा हिशेब मांडू नये. दुसरी वाट खर्चाच्या वाटणीची, दिंडीची भिशी त्यात येते. तिसरी ऐच्छिक दानाची, आणि खरा घोळ तिथेच.

फोनवर सरळ विचारा, ‘राहण्या-जेवणाचे काही भरायचे असतात का, आणि केव्हा?’ उत्तर तीनपैकी एका वाटेत चपखल बसलं पाहिजे. ‘तसं काही नाही हो, ऐच्छिकच आहे, पण साधारण सगळे इतके इतके देतात,’ असं ऐकू आलं तर ते शुल्क आहे असं धरून चाला. परवडत असेल तर खुशाल जा, पण ‘ऐच्छिक’ हा शब्द मनातून काढून टाका.

पायरी २: आकडा घरी ठरवा

भजन रंगलेलं असताना, आरतीचा गजर चालू असताना किंवा दहा दिवसांच्या मौनानंतर आपला हात आपला राहत नाही. म्हणून रक्कम घरी, चहा पिताना ठरवावी. वर्षाचा एक आकडा असू द्या आणि तो घरातल्या दुसऱ्या कमावत्या किंवा घर चालवणाऱ्या माणसाला माहीत असू द्या. नवऱ्यापासून किंवा बायकोपासून लपवून दिलेल्या देणगीमुळे घरात जी भांडणं होतात, त्यांत दान बाजूला राहतं आणि संशय तेवढा उरतो.

किती, याचं सूत्र माझ्याकडे नाही. शीख परंपरेत दसवंध म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा सांगितला आहे. ज्याच्या पगाराचा निम्मा भाग घराच्या हप्त्यात जातो त्याने तो आकडा आदर्श म्हणून ऐकावा, लगेच पाळायला जाऊ नये. मी स्वतः एवढंच बघतो की दिलेली रक्कम पुढच्या महिन्यात आठवता कामा नये. क्रेडिट कार्डावर किंवा उसने घेऊन दान करू नये. आजारी नातेवाइकाला द्यायचे पैसेही या आकड्यात मोजू नयेत. तो खर्च वेगळा.

आणि ५१, १०१, ५०१ चा शेवटचा एक रुपया. वरचं नाणं चिकटवलेली पाकिटं दुकानात मिळतात, ती लग्नामुंजीत शोभतात. देणगीपेटीत शंभर टाकले तरी देव रुपया मागायला मागे येत नाही.

पायरी ३: सुरुवात गुरुद्वाऱ्यापासून करा

हा सल्ला मी सगळ्या नवख्यांना देतो, कोणत्याही धर्माचे असोत. फुकट मिळालेलं अवघडून न जाता घ्यायचं कसं, हे शिकायला यापेक्षा सोपी जागा नाही. मराठवाड्यातल्यांना नांदेडचा तख्त सचखंड श्री हजूर साहिब जवळ आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला ती ही जागा. पुण्या-मुंबईतही गुरुद्वारे आहेत.

चपला जोडाघरात द्या, पाय धुवा, डोकं झाका. रुमाल विसरलात तर दारापाशी बहुतेक ठिकाणी मिळतो. आत गेल्यावर गुरू ग्रंथसाहिबांसमोर माथा टेकायचा. तिथेच गोलक असते, म्हणजे दानपेटी. दहा रुपये टाका, पाचशे टाका, काहीच टाकू नका. कुणी मान वळवून बघत नाही, कारण प्रत्येकाचं डोकं त्या वेळी खाली असतं. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. मोठ्या गुरुद्वाऱ्यांत स्वतःच्या वतीने प्रसाद चढवायचा असेल तर त्याची वेगळी पावती फाडतात. ती ज्याला हवी त्याने घ्यावी. नुसता प्रसाद घ्यायला पावती लागत नाही.

मग लंगर. पंगतीत मांडी घालून बसा. सेवादार ‘परशादा’ म्हणत रोट्यांची टोपली घेऊन येतो, तेव्हा ताट पुढे करू नका, हात पुढे करा. रोटी हातात घ्यायची असते. हवं तेवढंच घ्या, टाकू नका. उठताना ताट स्वतः उचलून भांडी घासण्याच्या जागी न्या. जेवणाच्या दालनातून बाहेर पडताना ‘कितने हुए?’ असं चुकूनही विचारू नका. वाढणारे हसतील, तुम्हाला मात्र दिवसभर चुटपुट लागेल.

पायरी ४: विपश्यनेत आधी द्यायला गेलात तरी घेत नाहीत

सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन भारतात शिबिरं सुरू केली आणि इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून ती भरू लागली. या परंपरेची पैशाची घडी फार विचारपूर्वक बसवलेली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही. राहण्याचं नाही, जेवणाचंही नाही. शिकवणारे आचार्य मानधन घेत नाहीत. दान घेतलं जातं, पण ते फक्त किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच. म्हणजे तुमचे वडील कौतुकाने म्हणाले, ‘मुलगा तिथे जातोय, मी अकरा हजार देतो,’ तर त्यांनी स्वतः शिबिर केलेलं नसल्यास ते पैसे स्वीकारले जात नाहीत. तुम्हीही पहिल्या दिवशी नोंदणीच्या वेळी काही देऊ शकत नाही. तुमचा खर्च आधीच कुणीतरी करून गेलेला असतो, आणि तुम्ही द्याल ते तुमच्यानंतर येणाऱ्यांसाठी असतं. तुमच्या जेवणाची किंमत म्हणून नसतं.

प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. आल्या दिवशी मोबाइल आणि पाकीट जमा होतं. दहाव्या दिवशी मौन सुटतं. दहा दिवस गप्प बसलेली माणसं एकदम बोलायला लागतात, अंगणात कलकल होते, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटतं. त्याच सुमाराला दानाचं टेबल लागतं, पावतीपुस्तक घेऊन सेवक बसलेला असतो. तो हाक मारत नाही, कुणी यादी वाचत नाही. पण मन इतकं भरून आलेलं असतं की खिशात असेल नसेल ते काढून द्यावंसं वाटतं. इथे पायरी २ आठवा. घरी ठरवलेलं द्या. त्याहून जास्त द्यावंसं वाटत असेल तर घरी जा, पंधरा दिवस दूध-भाजीच्या हिशेबात रुळा, आणि तरीही वाटलं तर नंतर पाठवा. नंतर पाठवता येतं. आणि काहीच न देता घरी गेलात तरी पुढच्या वेळी अर्ज करताना तुम्हाला कुणी त्याबद्दल विचारणार नाही.

मला विचाराल तर नवख्याला पैशाच्या बाबतीत सर्वांत मोकळं सोडणारी पद्धत हीच. बाकी दहा दिवस पाय दुखतात, त्याला इलाज नाही.

पायरी ५: दिंडीत भिशी आधी, भावना नंतर

आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते आणि आषाढी एकादशीच्या आधी पंढरपुरात पोहोचते. या वाटेवर तुम्ही एकटे चालू शकता, पण रात्रीचा निवारा आणि दोन वेळचं जेवण हवं असेल तर एखाद्या दिंडीत नाव नोंदवावं लागतं. नोंदवल्यावर जे पैसे भरायचे ती भिशी. ट्रकचं भाडं, पाण्याचा टँकर, तंबू, आचारी, शिधा, गॅस, हे सगळं त्यातून चालतं. म्हणून तिथे ‘मी नंतर यथाशक्ती देईन’ म्हणू नका. दिंडीचालकाने तुमच्या डोक्यामागे तांदूळ आधीच भरलेला असतो.

नाव नोंदवताना विचारायच्या गोष्टी: भिशीत काय काय येतं, सामान ट्रकमध्ये किती चालेल, मधेच घरी परतावं लागलं तर काही परत मिळतं का, आणि पावती मिळेल का. दिंडीचालक रोखठोक बोलतात. त्यांच्या सुराने दचकू नका. शेकडो माणसांची जेवणं सांभाळणारा माणूस मऊ बोलत बसला तर रात्री कुणालाच भाकरी मिळायची नाही. भिशी परवडत नसेल तर तेही आधीच सांगा. काही दिंड्यांत अशा वारकऱ्याला कामाच्या बदल्यात सामावून घेतात, काहींत शिधा आणला तर चालतो. चालकाला बाजूला घेऊन विचारलं तर अपमान होत नाही.

वाटेवर वेगळाच प्रवाह सुरू असतो. गावोगावचे लोक चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटतात, कुणी पाय चोळून देतं. हे घ्या. नाही म्हणत बसलात तर देणारा खट्टू होतो, कारण ही त्याची वारी असते. पण दोन हातांनी लाडू गोळा करून पिशवी भरू नका. मागून येणाऱ्या म्हातारीला उरत नाही.

दिंडीत काही दिवसांनी एखादा जुना वारकरी म्हणेल, ‘माउली, एखादी पंगत घ्या की तुमच्या नावाची.’ पंगत देणं म्हणजे एका वेळच्या अन्नदानाचा खर्च उचलणं. हे मोठं काम आहे आणि पहिल्या वर्षी तुमच्याकडून त्याची अपेक्षा नसते. करायचंच झालं तर चौघांत मिळून घ्या. नाहीतर सरळ म्हणा, ‘माउली, औंदा नाही जमायचं.’ तिथे हे उत्तर रोजच ऐकतात.

कीर्तनाच्या बाबतीत एक जुना दंडक लक्षात ठेवा. कीर्तनाचे पैसे घेणारा आणि देणारा, दोघेही नरकात जातात, असं तुकोबांनी अभंगात बजावलं आहे. आज कीर्तनकारांच्या बिदागीचे आकडे गावागावांत चर्चेत असतात ते सोडा. नवख्याने एवढंच करावं: कीर्तन संपल्यावर बुवांच्या पाया पडताना नोट सरकवू नये. द्यायचं तर दिंडीच्या किंवा सप्ताहाच्या पावतीवर द्यावं.

पायरी ६: ताट की पेटी, हे बघूनच हात खिशात घाला

देवासमोरच्या ताटात टाकलेली दक्षिणा आणि कुलूपबंद पेटीत टाकलेली रक्कम एकाच ठिकाणी जाते असं आपण गृहीत धरतो. पुष्कळ देवस्थानांत तसं नसतं. ताट पुजाऱ्यांचं, पेटी संस्थानची. पंढरपुरात विठ्ठलापुढच्या उत्पन्नावर बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचा वंशपरंपरागत हक्क होता. तो संपवणारा कायदा १९७३ चा, आणि कोर्टकचेऱ्या पार पडून सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल आला तो जानेवारी २०१४ मध्ये. चाळीस वर्षं ज्या प्रश्नावर खटला चालला तो प्रश्न तुम्ही एका वाक्यात विचारू शकता: ‘हे कुणाकडे जातं?’ पुजाऱ्यांना देण्यात गैर काही नाही, त्यांचंही पोट आहे. फक्त अन्नछत्राला दिले असं समजून ताटात टाकू नका.

वसईच्या चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी अर्पण गोळा करणारी थैली रांगेतून फिरते. पाहुणे म्हणून गेलात तर ती पुढच्याकडे सरकवली तरी चालतं.

पायरी ७: पावती, यूपीआय आणि करसवलत

महाराष्ट्रातल्या बहुतेक धार्मिक आणि धर्मादाय संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. पावतीवर हा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. अशा संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर याच कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते. गणेशमंडळवाल्यांना हे कलम तोंडपाठ असतं.

यूपीआयने देताना कोड स्कॅन झाला की पैसे जाण्याआधी पडद्यावर नाव येतं. तिथे संस्थेचं नाव हवं. एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा आणि विचारा. प्रामाणिक छोट्या गटांतही खजिनदाराच्या खात्यावर पैसे घेतात, पण मग पावती आणि महिन्याचा हिशेब दाखवायला त्यांनी कुरकुर करू नये. देवस्थानांच्या भक्तनिवासाच्या बनावट वेबसाइटही निघतात. आगाऊ पैसे भरण्याआधी संस्थानच्या कार्यालयात फोन करा. फसलात तर लगेच १९३० वर सायबर तक्रार नोंदवा.

करसवलत, म्हणजे लोक जिला ‘८०जी’ म्हणतात ती, सगळ्याच धार्मिक संस्थांना लागू नसते. संस्थेला मान्यता असली तरी २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, तांदूळ किंवा सतरंज्या अशा वस्तू दिल्या तर त्याही धरत नाहीत, आणि नव्या कररचनेत ही वजावटच नाही. सवलतीसाठी देणार असाल तर चेकने किंवा ऑनलाइन द्या, पॅन कळवा आणि संस्थेकडून रीतसर प्रमाणपत्र मागून घ्या.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल, हातात ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते आणि ती घ्यायला संस्थेकडे परकीय योगदान कायद्याखालची परवानगी लागते. अशा वेळी गावातल्या भावाच्या खात्यावरून ‘ॲडजस्ट’ करू नका. अडचणीत संस्था येते.

पायरी ८: नाही म्हणण्याची तयारी ठेवा

बहुतेक ठिकाणी याची गरज पडत नाही. पडलीच तर ओळखायची कशी? पुढच्या रांगेची जागा देणगीच्या आकड्यावर मिळत असेल. गुरुपौर्णिमेच्या आधी व्हॉट्सॲप गटावर नावं आणि रकमा रोज टाकल्या जात असतील. ‘अमुक भरलं की आजार जाईल, धंद्याची अडचण सुटेल’ असं कुणी म्हणत असेल. चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथे यथाशक्तीचा प्रश्नच येत नाही, पोलिसांत जायचं.

त्याखालच्या, नुसत्या भिडेच्या प्रकाराला साधी वाक्यं पुरतात. ‘आमचं यंदाचं ठरलेलं देऊन झालंय.’ ‘घरी विचारून सांगते.’ ‘आत्ता नुसता ऐकायला आलोय.’ कारणं सांगत बसू नका. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा देतो. वर ज्या काकूंची मान खाली जाईल म्हणालो, त्यांना आधीच सांगून ठेवा की मी दोन-चार वेळा नुसता येऊन बसणार आहे. चांगल्या सत्संगात काकूच म्हणतील, ‘अरे, बैस की.’

आणि पैसे नसतील तर

पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारात भक्तिफेरीला, म्हणजे गावोगाव लोकांच्या भेटीला, जाणारे स्वतःच्या खर्चाने जातात, शिदोरी बरोबर नेतात आणि ज्या घरी जातात तिथे काही मागत नाहीत. गाडगेबाबा गाव झाडल्याशिवाय भाकरी मागत नसत. शेगावात सेवाधारी पाळीपाळीने येऊन कामं करतात. तेव्हा वेळ देणं ही पैशाची उतरती पायरी नाही. काही ठिकाणी तीच पहिली मानतात. विपश्यनेत तर सेवा करायलाही एक शिबिर पूर्ण केलेलं असावं लागतं.

पण वेळही आधी ठरवून द्या. ‘मी आहेच, काहीही सांगा,’ म्हणणारा उत्साही माणूस तीन महिन्यांत गायब होतो, आणि त्याच्या भरवशावर ठरवलेला कांदा तसाच चिरायचा राहतो. ‘रविवारी सकाळी नऊ ते बारा, भांडी’ असं नेमकं सांगा. जाताना जुने कपडे घाला, अंगठी घरी ठेवा, आणि भांड्यांच्या हौदापाशी पहिल्या दिवशी घासायला उभे न राहता विसळायला उभे राहा. घासणारे तिथे वर्षानुवर्षं उभे असतात आणि त्यांची जागा ठरलेली असते.